पाचव्या डावापर्यंत

रेसिनोसला ठेवलं, हे लेनोर पाव्हलाकला कळलं तेव्हा ती शाळेच्या बसच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. बसचं दार उघडं होतं, आत रेडिओ चालू होता, आणि तो सकाळचा फार उत्साही माणूस सांगत होता, की कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झालेल्या या पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूशी, आपल्या बेसबॉल संघानं आणखी एका हंगामाचा करार केला आहे. आता तो सामना सुरू करणार नाही. शेवटी येईल, एखाद्या डावात चेंडू टाकेल. "म्हणजे अर्धा पिचर आणि अख्खा पगार," लेनोर बसला म्हणाली. बसशी ती बोलत असे. मुलं चढायच्या आधीची ही वेळ तिची स्वतःची होती, आणि जानेवारीतल्या मिल्वॉकीत त्या वेळी ऐकून घेणारं दुसरं असतं कोण? पूर्ण शरद ऋतू तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, की त्या पोराला आता मोकळं करा. मनगटातला स्नायूबंध काढून कोपरात बांधायचा, तो तुटला की दुसऱ्या मनगटातला बांधायचा. माणूस आहे की जुनी सायकल? तिनं काचेवर जोर लावला तशी उजव्या खांद्यात कळ आली. त्याच वेळी खिशातला फोन वाजला. मार्लिस होती.

"लेनोर, ऐक. शुक्रवारच्या आत व्हर्जिलचं काय ते ठरवायला हवं."

"त्याचं काय ठरवायचं?"

"अगं, असं काय करतेस? सप्टेंबरात काय झालं ते विसरलीस का? मी काही दुष्ट बाई नाही, मलाही आवडतो तो. पण परत हरवला, त्या जिन्यांवरून पडला, म्हणजे? माझा भाचा त्याच्या वाट्याचे सामने घ्यायला तयार आहे. ओटिसला विचारलं मी. तो म्हणाला, लेनोर सांगेल ते."

"ओटिस असं म्हणाला?"

"म्हणाला, तिचं काळीज दगडाचं आहे, तिलाच विचार. चांगल्या अर्थानं म्हणाला गं."

दगडाचं काळीज चांगल्या अर्थानं. लेनोरनं फोन खिशात टाकला आणि उरलेला बर्फ तसाच ठेवून आत जाऊन बसली. इंजिन तापायला अजून वेळ होता. मार्लिस, ओटिस, व्हर्जिल आणि ती, अशा चौघांत मिळून स्टेडियमातल्या वर्षभराच्या दोन खुर्च्या, तिसऱ्या तळाच्या, म्हणजे थर्ड बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, अर्धं सरोवराचं वारं लागेल आणि अर्धं मैदान दिसेल अशा. नवं छपराचं स्टेडियम झालं तेव्हा वारं गेलं, खुर्च्या राहिल्या. वर्षभराचे सामने चौघांत वाटून घ्यायचे आणि ती वाटणी जानेवारीतल्या एका शुक्रवारी, कुर्ट्झच्या बारमध्ये, तळलेले मासे आणि बटाट्याची धिरडी खाऊन झाल्यावर करायची. ओटिस आपली टोपी पुढे करणार, त्यातून प्रत्येकानं जुन्या खेळाडूंच्या चित्रांचं एकेक कार्ड उलटं उचलायचं, ज्याचा खेळाडू म्हातारा त्याचा पहिला नंबर. मग आळीपाळीनं एकेक सामना मागायचा. एकदा मागितला की बदलायचा नाही. लग्नापेक्षा कडक नियम, असं मार्लिस म्हणायची, आणि तिची दोन लग्नं झालेली असल्यानं कुणी वाद घालत नसे. लेनोर स्वतःच्या सामन्यांना व्हर्जिलला नेई, व्हर्जिल स्वतःच्या सामन्यांना लेनोरला. त्यामुळे दोघांनाही दुप्पट बेसबॉल मिळे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तिच्या शाळेतला बॉयलर दुरुस्त करायला त्याच्याखाली पाठीवर पडलेल्या व्हर्जिलनं, डोकंही बाहेर न काढता, "काल कोण जिंकलं?" असं विचारलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, एवढंच. त्याला किती वर्षं झाली हे मोजायला गेलं तर कितीतरी पिचर आठवावे लागत, ज्यांचे खांदे आता त्यांच्या नातवंडांना उचलण्यापुरतेही उरले नसतील.

व्हर्जिल टेस्केचं एक खूळ होतं. सामना मागताना इतर लोक शनिवार बघत, सुट्टी बघत, कोणता संघ येतोय ते बघत. व्हर्जिल पेन्सिलीनं पिचर मोजायचा. संघात पाच पिचर आळीपाळीनं सामना सुरू करतात. तेव्हा हंगामाच्या पहिल्या दिवसापासून पाच-पाचनं पुढे मोजत गेलं की जूनमधल्या अमुक मंगळवारी आपल्या आवडत्या पिचरचीच पाळी येणार, हा त्याचा हिशेब. जणू पाऊस पडत नाही, कुणाची कोपरं दुखत नाहीत, कुणाची बायको बाळंत होत नाही. दर जानेवारीत तो तोंडात पेन्सिल धरून मोजायचा, दर जानेवारीत बाकीचे हसायचे, आणि एप्रिल संपायच्या आत त्या पाचांतले दोन दवाखान्यात असायचे. एवढ्या वर्षांत तो हिशेब एकदाच जुळला होता. त्या मंगळवारी व्हर्जिल सबंध सामनाभर नुसता मधूनमधून लेनोरकडे बघत होता, नवऱ्या मुलीचा बाप मांडवात बघतो तसा.

गेली तीन वर्षं तो रेसिनोसला मोजत होता.

पहिलं पोर बसमध्ये चढलं, लेनोरनं गाडी काढली, आणि दिवसभर तिच्या डोक्यात तो दगड इकडून तिकडे गडगडत राहिला. काळीज दगडाचं, असं लोक म्हणत ते तिच्या एका मतामुळे. पिचरला विचारायचं नसतं, असं तिचं मत होतं. पिचर थकला की संघाचा मॅनेजर मैदानातून चालत, तो जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर जातो, तेव्हा वाईट मॅनेजर विचारतो, कसं वाटतंय? आणि पिचर म्हणतो, बरा आहे. पिचर कायम बराच असतो. हात खांद्यापासून निखळून गवतात पडलेला असला तरी तो म्हणेल, बरा आहे, जरा द्या इकडे तो हात. चांगला मॅनेजर काही विचारत नाही. तळहात पुढे करतो. पिचरनं त्या तळहातावर चेंडू ठेवायचा आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चालत यायचं. प्रेक्षक ओरडू देत, पिचर शिव्या देऊ दे. तळहात मागे घ्यायचा नाही.

हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिचा भाऊ कॅझ शाळेच्या संघाचा पिचर होता, सतरा वर्षांचा, ती चौदाची. शाळांच्या स्पर्धेतला शेवटचा सामना, मे महिन्यातला थंडगार दिवस, ठरलेल्या डावांत निकाल लागेना म्हणून खेळ लांबत चाललेला. त्यांचा प्रशिक्षक भूमितीचा मास्तर होता. डाव संपला की तो कॅझला विचारायचा, आणि कॅझ म्हणायचा, बरा आहे. बाबा उभे राहून ओरडत होते, अजून एक, कॅझ, अजून एक! आजूबाजूचे लोक बाबांच्या पाठीवर थापा मारत होते. लेनोर खालच्या बाकावर होती, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ. कॅझ पाणी प्यायला आला तेव्हा त्याच्या हातातला कागदी पेला असा थरथरत होता की पाणी वर उडत होतं. त्यानं तिच्याकडे बघून डोळा मारला. सामना ते जिंकले. आईनं त्याचा हात गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशव्यांत गुंडाळला, शेजाऱ्यांनी केक आणला. त्यानंतर कॅझला त्या हातानं कधी केस विंचरता आले नाहीत. तो आता अॅरिझोनात असतो, पोहण्याच्या तलावांना फरशा बसवून देतो, नाताळात फोन करतो, कॉफीचा कप डाव्या हातानं उचलतो. त्याला त्या दिवसाचा जराही पश्चात्ताप नाही, आणि याचाच लेनोरला जास्त राग येतो. त्या मैदानावर कॅझवर प्रेम करणारी माणसं कमी नव्हती. तळहात पुढे करणारं कुणी नव्हतं.

तर मग व्हर्जिलचं काय? सप्टेंबरातला तो सामना. सहाव्या डावात व्हर्जिल सॉसेज आणायला उठला आणि परत आला नाही. लेनोर आधी चिडली, मग तो उतरला होता तो जिना तिनं पाहिला, मग खालचा मजला, पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारात उभी राहून तिनं "टेस्के!" अशी हाक मारली आणि आतून तीन अनोळखी माणसं घाबरून बाहेर आली. शेवटी एका कर्मचाऱ्याला तो सापडला. पार समोरच्या बाजूला, पहिल्या तळाच्या वर, तीच रांग आणि तोच खुर्ची क्रमांक, पण मैदान उलटं. एका कुटुंबाच्या शेजारी तो नीट बसला होता, मांडीवर सामन्याची नोंद करायचा कागद, दोन्ही हातांत एकेक सॉसेज, एक गार झालेलं. तिला पाहून म्हणाला, "होतीस कुठे तू? तुझं थंड झालं." तिनं ते थंड सॉसेज उभ्याउभ्या खाल्लं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. गाडीत परत येताना एका सिग्नलला म्हणाला, "मैदान कुणीतरी फिरवलं होतं, लेनोर." आणि थोड्या वेळानं, अगदी नेहमीच्या आवाजात, "मार्लिसला सांगू नकोस." तिनं सांगितलं नाही. पण घरी त्याच्या मुलीला, कोलीनला, ते कळलंच, आणि ती मार्लिसच्याच चर्चमध्ये जाते.

बुधवारी संध्याकाळी दाराच्या मुठीला बांधलेला रबराचा पट्टा ओढत लेनोरनं वाक्य तयार केलं. खांद्याच्या डॉक्टरनं हा व्यायाम दिलेला, पिचर लोकही हाच करतात असं सांगून. तेव्हापासून ती तो जरा जास्तच मनापासून करत होती. पट्टा ओढायचा, सोडायचा. व्हर्जिल, तू खूप वर्षं खेळलास. छे, हे तर निरोपसमारंभातलं. व्हर्जिल, आम्ही तुझ्या भल्यासाठी. थू! तळहात पुढे करताना बोलायचं नसतं, हे तिचंच मत. मग बोलायचं नाही. शुक्रवारी टोपी त्याच्यापर्यंत आली की मधेच हात घालायचा. ओढायचा, सोडायचा. तिला तो प्रसंग स्पष्ट दिसला. व्हर्जिल वर बघेल, आणि काही विचारणार नाही, कारण तो तिच्याशी कधीच वाद घालत नसे, नुसतं म्हणायचा, बरं बाई. पट्टा निसटून तिच्या हनुवटीला सपकन लागला. "बरं बाई," ती मोठ्यानं म्हणाली आणि खाली बसली.

गुरुवारी रस्ते इतके निसरडे होते की बस बैलगाडीच्या चालीनं न्यावी लागली, आणि एवढ्या हळू जाताना डोकं मात्र भलतंच पळतं. तिला ऑगस्टमधला एक सामना आठवला, व्हर्जिलनं कागदावर काहीतरी चुकीचं मांडलं होतं, तिनं हसून दुरुस्त केलं होतं. कितवा डाव होता? सातवा. ज्या दिवशी त्यानं घरी जाताना रस्ता चुकीचा सांगितला, तो सामना तर लांबलाच होता. पण पहिल्या डावांत? जुलैमधल्या त्या भर उन्हातल्या दुपारी तिसऱ्या डावात त्यानं पिचरच्या पायाकडे बघून म्हटलं होतं, आता हा वाकडा चेंडू टाकणार, आणि त्यानं टाकला होता. आणि त्याच्या आधीच्या सामन्यांतही, सुरुवातीच्या डावांत तो पक्का होता. लाल सिग्नलला बस थांबली. मागे पोरं कुणाचा तरी बूट फेकत होती. पिचर दमत नाहीत, त्यांचं गुपित संपतं, हे हल्लीचे मॅनेजर जाणतात. तेच फलंदाज दोनदा समोर येतात तोवर पिचर राजा असतो. तिसऱ्यांदा आले की त्यांनी त्याला ओळखलेलं असतं, आणि मग फटके बसतात. म्हणून हल्ली त्याला तिसरी फेरी येऊच देत नाहीत. पाचवा डाव झाला की पाठीवर थाप, शाबास, बस आता. जुने लोक हळहळतात, आमच्या वेळी सामन्याचे नऊच्या नऊ डाव एकटाच टाकायचा. लेनोरही हळहळायची. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता. "थांबा हो!" ती आरशात म्हणाली, "इथं काम चाललंय." मागच्या सीटवरची पोरं एकदम गप्प झाली, त्यांना वाटलं बूट दिसला.

पण पाचव्या डावानंतर उठायचं, तर त्यात एक गोची होती, आणि ती साधीसुधी नव्हती. आयुष्यात लेनोर पाव्हलाक कुठल्याही सामन्यातून शेवटचा गडी बाद व्हायच्या आधी उठलेली नव्हती. गाड्यांची गर्दी टाळायला सातव्या डावात उठणारे लोक तिच्या लेखी माणसांत जमा नव्हते. एकदा तिनं स्वतःच्या चर्चच्या फादर ग्लोवाकींना, ते रांगेतून सरकत बाहेर निघाले असताना, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "फादर, मिस्सा पण अर्धीच म्हणता का?" बिचारे परत खाली बसले होते. संघ अकरा धावांनी मागे असताना, छपरावर गारा वाजत असताना, खांद्यात आग होत असताना ती बसून राहिली होती. हे तिचं एकमेव पुण्य होतं, बाकी जमेला फारसं काही नव्हतं.

शुक्रवारी कुर्ट्झकडे तळणाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. लेनोर लवकर गेली, आणि व्हर्जिल तिच्याही आधी येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. दाढी केलेली, दोन पेन्सिली टोक काढून समोर ठेवलेल्या, पुढ्यात ब्रँडीचा पेला, त्यातली चेरी बाहेर काढून रुमालावर. चेरी तो नेहमी तिच्यासाठी ठेवायचा. मार्लिस आणि ओटिस बाहेर बूट झटकत होते.

"बस," तो म्हणाला. "ते यायच्या आत सांग. आज माझ्याकडनं चेंडू घेणार आहेस ना?"

लेनोरनं कोट काढला नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"कोलीननं नाही सांगितलं. म्हणून तर कळलं. तीन दिवस घरात सगळे माझ्याशी गोड बोलतायत. मला विचारलं का कुणी?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"बरा आहे," व्हर्जिल म्हणाला. मग त्यालाच हसू आलं, आणि हसता हसता ते विझलं. त्यानं पेन्सिली सरळ केल्या, परत तिरक्या केल्या. "बरा नाहीये गं. मैदान फिरतं. पण नेहमी नाही."

तेवढ्यात ते दोघे आले, मार्लिसनं सगळ्यांच्या गालाला गार गाल लावला, मासे आले, राय धान्याचा पाव आला, आणि सगळे आधी खायला लागले, कारण कुर्ट्झचे मासे गरम असतानाच खायचे असतात. शेवटी ओटिसनं टोपी काढली. मार्लिसनं लेनोरकडे पाहिलं. असं पाहिलं, की त्या नजरेची ढुशी बरगडीत बसावी.

"व्हर्जिल राहतोय," लेनोर म्हणाली. "पाचव्या डावापर्यंत."

"म्हणजे?"

"म्हणजे यापुढे आमच्या दोघांच्या वाट्याचे सामने एकत्र. मी त्याला घेऊन जाणार, मी आणणार. जिन्यावर पुढे मी. सॉसेज मी आणणार. पाचवा डाव संपला की आम्ही उठणार."

ओटिसनं टोपी टेबलावर ठेवली. तो टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस, फारसा बोलत नसे. "तू उठणार?" तो म्हणाला.

"हो, मी."

"बरोबरीत असला सामना तरी?"

"तरी."

"अगं, पण तुला तरी—" मार्लिसनं सुरुवात केली.

"मार्लिस, तुझ्या भाच्याला सांग, कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसायची तर दुसऱ्या रांगेत बस. आणि हे मी दगडाच्या काळजानं सांगतेय."

व्हर्जिल तिच्याकडे बघत होता. "फादर ग्लोवाकींना कळलं म्हणजे?" तो हळूच म्हणाला.

"त्यांना मी सांगेन. तू तुझं बघ."

"आणि मी सहाव्यात म्हटलं, बरा आहे?"

लेनोरनं टेबलावरून हात पुढे केला, तळहात वर. खांदा दुखला, पण तिनं हात तसाच धरला. व्हर्जिलनं त्या हाताकडे पाहिलं. मग रुमालावरची चेरी उचलून त्यावर ठेवली. "बरं बाई," तो म्हणाला. ओटिस खोकला आणि मार्लिस एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, आणि ते तिला बराच वेळ सापडलं नाही.

कार्डं उचलली. व्हर्जिलच्या कार्डावरचा खेळाडू सगळ्यांत म्हातारा निघाला, तेव्हा पहिली पाळी त्याची. त्यानं वेळापत्रक ओढलं, पेन्सिल तोंडात धरली, आणि पाच-पाचनं मोजू लागला. कुणी हसलं नाही, हे लेनोरला आवडलं नाही. हसायला हवं होतं.

"मे महिना. हा मंगळवार," तो म्हणाला. "रेसिनोसची पाळी."

"तो आता पाळीनं नाही टाकत रे," ओटिस जरा अवघडून म्हणाला. "शेवटी आणणार आहेत त्याला. आठव्यात, नवव्यात."

मंगळवार मागून झाला होता, आणि मागितलेला सामना बदलता येत नाही. व्हर्जिलनं पेन्सिल खाली ठेवली. लेनोरला त्याचा हिशेब चाललेला दिसत होता, आठव्यातून पाच वजा, आणि तिलाही कळलं, की त्या पोराला चेंडू टाकताना ते दोघे आता कधीच बघणार नाहीत. तो उंचवट्यावर चढेल तेव्हा ते घरच्या रस्त्याला असतील.

"गाडीतला रेडिओ चालतो ना तुझा?" व्हर्जिलनं विचारलं.

"चालतो," लेनोर म्हणाली.

चालत नव्हता. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं एरियल मोडला होता आणि तिथं तिनं कोट अडकवायच्या हँगरची तार खुपसली होती, तिच्यावर फक्त पोल्का नाचाची गाणी लागत. शनिवारी सकाळी दुकान उघडताच ती नवा एरियल घेऊन आली, तशीच व्हर्जिलकडे गेली, आणि त्याला कोटासकट उचलून आणावं तसं आणून शेजारच्या सीटवर बसवलं. बाहेर बारीक बर्फ पडत होता. उजवा हात टपापर्यंत जाईना, तेव्हा तिनं तो डाव्या हातानं कोपराशी धरून वर ढकलला, जुन्या तारेला एक शिवी दिली आणि नवा एरियल फिरवत बसवला.

"येतंय का?" तिनं बाहेरून ओरडून विचारलं.

"खरखर!"

"आता?"

"जरा वर! वर! हां, आता आलं. नाही. आलं!"

ती आत येऊन बसली तेव्हा रेडिओवर हवामान चाललं होतं. सरोवराकडून वारं, दुपारपर्यंत आणखी बर्फ, रस्ते जपून. व्हर्जिल पुढे वाकून, कान देऊन ऐकत होता, कुठल्याही क्षणी काहीतरी घडेल अशा बेतानं, आणि त्याच्या कोटाच्या खिशातून पेन्सिलीचं टोक बाहेर आलं होतं. काच पांढरी होत चालली होती. आतून बाहेरचं काही दिसत नव्हतं, ना घर, ना रस्ता.

"कितवा डाव चाललाय?" त्यानं विचारलं.

लेनोरनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत होता की नव्हता, ते तिला कळेना. कळायची वाट न बघता तिनं वायपर लावले.

"पहिला," ती म्हणाली.